बँडकॅम्प, तीन पावसाळे वापरून झाल्यावर

आमच्या भजनाच्या ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की तू गाण्यांना पैसे भरतोस ते नक्की कुठे, आणि ती टकटक गाणी तुला सापडतात कुठून, तर एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे सविस्तरच लिहितो. बँडकॅम्प नावाची गाणी विकत घ्यायची वेबसाईट आहे, २००८ पासून सुरू आहे, तिचं अ‍ॅप पण आहे, आणि मी ती गेले तीन पावसाळे वापरतोय. मी देवगड तालुक्यातला, मिठबावच्या रस्त्याला आतल्या बाजूला आमचं घर, शंभरेक कलमं आहेत, आणि लहानपणापासून भजनात झांज वाजवतो. संगीताचं माझं शिक्षण म्हणजे तेवढंच, बुवांच्या मागे बसून झालेलं. त्यामुळे हा रिव्ह्यू एखाद्या जाणकाराचा समजू नका, पण मनापासून लिहिलेला आहे, आणि वेबसाईटबरोबर तिच्यामुळे मला सापडलेल्या इलेक्ट्रॉनिक आणि मिनिमल पॉप (म्हणजे अगदी मोजक्या सुरांच्या नि वाद्यांच्या) गाण्यांबद्दल पण लिहिणार आहे, कारण ते बाजूला ठेवलं तर नुसतं बटणं कुठे आहेत तेच सांगायचं राहतं.

सुरुवात गणपतीत झाली. आमच्या घरी भजन होतं, गजर संपायला रात्रीचा एक वाजून गेला, मग सगळ्यांचं काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव खाऊन झालं, मंडळी पुढच्या घरी गेली आणि मी नि माझा मावसभाऊ पडवीत बसलो. तो मुंबईला एका स्टुडिओत साऊंडचं काम करतो. दोन तास पखवाज आणि झांजा ऐकून कानात नुसतं घूं घूं चाललेलं, आणि हा त्याचा हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवून म्हणतो, दादा हे ऐक, पण मधे बोलू नको. लावलं त्याने. पहिल्यांदा वाटलं हेडफोनची एक बाजू बंद आहे. कोणीतरी काड्यापेटीवर नखाने टकटक करावं तसा एक ठेका, खाली बासची एक तार, मधून मधून गिटारचा एखादा तुकडा, आणि एक बाई गातेय, म्हणजे चुलीपाशी काम करता करता स्वतःशीच बोलावं एवढ्याच आवाजात. बाकी काहीच नाही. मी वाट बघतोय की आता वाद्यं येतील, आता कोरस उठेल, आणि गाणं तसंच चालत राहिलं नि संपलं.

तो बँड म्हणजे यंग मार्बल जायंट्स, वेल्समधल्या कार्डिफ शहरातले तिघं जण, अ‍ॅलिसन स्टॅटन गाणारी आणि स्टुअर्ट नि फिलिप मॉक्सहॅम हे दोन भाऊ. १९८० साली त्यांचा कोलोसल यूथ हा अल्बम आला आणि त्यांचा स्टुडिओ अल्बम तो एकच. ड्रम वाजवायला माणूस नव्हता, तर नात्यातल्याच एका भावाने घरी बनवलेल्या मशीनवर ठेके तयार केले, ते कॅसेटवर भरून घेतले आणि कार्यक्रमात ती कॅसेट लावून वाजवायचे. आजूबाजूला तेव्हा सगळे पंकवाले जीव खाऊन ओरडत होते आणि ही पोरं कुजबुजत होती.

मला ते का भिडलं ते नंतर विचार केल्यावर कळलं. भजनात एक जागा येते, बुवा अभंगाची ओळ अर्ध्यावर सोडतात, पखवाज हात उचलतो, झांजा थांबतात आणि पेटीचा एकच सूर तेवढा चालू राहतो, दोनतीन सेकंद असतील, पण तेवढ्यात सगळं घर पुढे झुकतं, पोरं पण गप्प होतात. ती जागा मला लहानपणापासून माहितीये, मी झांज छातीशी धरून तिची वाट बघतो. त्या रात्री ऐकलेलं अख्खं गाणं म्हणजे तीच जागा होती, अडीच तीन मिनिटं ताणून धरलेली.

मग मला तसलंच अजून ऐकायचं होतं आणि इथून माझी पंचाईत सुरू झाली. तेव्हा माझ्याकडे एक स्ट्रीमिंगचं अ‍ॅप होतं, पैसे भरून घेतलेलं. त्यात एक शांत गाणं लावलं की ते पुढे स्वतःच काहीतरी जोडत जायचं आणि चौथ्या पाचव्या गाण्याला मी कुठल्यातरी रिमिक्सवर पोचलेलो असायचो. झोपायची गाणी, अभ्यासाची गाणी, पावसाची गाणी असे गठ्ठे करून ठेवलेले, पण गाणं कोणाचं, कुठलं, कधीचं याचा पत्ता नाही. त्यात आमच्याकडची रेंज. घरात एक दांडी, बागेतल्या मांगरात शून्य, वादळी पाऊस असला की दोन दोन दिवस काहीच नाही. एकदा मी जपून ठेवलेला एक अल्बम एके दिवशी उघडला तर सगळी नावं राखाडी झालेली, वाजतच नाहीत, कुठल्याशा कराराची मुदत संपली म्हणे. दर महिन्याला पैसे भरत होतो तरी माझ्या हातात काहीच नव्हतं हे मला त्या दिवशी फार लागलं. मावसभावाला फोन केला तर तो म्हणाला बँडकॅम्पवर जा, विकत घे, डाऊनलोड कर, मग रेंज गेली काय नि कंपनी गेली काय.

आता ही वेबसाईट चालते कशी ते सांगतो. कलाकार किंवा त्याचं छोटं लेबल आपलं पान उघडतं आणि अल्बम तिथे ठेवतं, किंमत स्वतः ठरवतं. आपण आधी ब्राउजरवर फुकट ऐकू शकतो, साधारण पूर्ण अल्बम ऐकता येतो, काही जण किती वेळा फुकट ऐकायचं त्याला मर्यादा घालतात. आवडला तर विकत घ्यायचा, एखादंच गाणं पण घेता येतं. बऱ्याच ठिकाणी किंमत तुम्हीच सांगा असं लिहिलेलं असतं, तिथे शून्य टाकलं तरी चालतं आणि जास्त टाकलं तरी चालतं. पैसे भरले की फाईल डाऊनलोड करायची, एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह, जी पाहिजे ती, परत परत. तीनशेवीसची, म्हणजे एमपीथ्रीतली सगळ्यात चांगल्या दर्जाची फाईल घेतली तर मिनिटाला अडीच एमबीच्या आतबाहेर, म्हणजे चाळीस मिनिटांचा अल्बम शंभर एमबीत बसतो. फ्लॅकमध्ये आवाजातलं काहीच कापलेलं नसतं पण फाईल दुप्पट तिप्पट मोठी होते. मी घरी फ्लॅक ठेवतो, फोनच्या कार्डवर एमपीथ्री.

पैशाचा हिशेब मला विशेष आवडला आणि बागायतदार असल्यामुळे तो मी पहिला बघितला. आपण मुंबईला आंब्याच्या पेट्या पाठवतो, मग पट्टी येते, त्यात हमाली, भाडं, कमिशन सगळं वजा होऊन खाली आकडा असतो, आणि पाच डझनाची पेटी शेवटी गिऱ्हाईकाने केवढ्याला घेतली ते आपल्याला कधीच कळत नाही. बँडकॅम्पचं उघड आहे. डिजिटल अल्बमवर ते पंधरा टक्के घेतात, रेकॉर्ड, कॅसेट, टीशर्ट अशा वस्तूंवर दहा टक्के, त्याशिवाय पेमेंटवाल्यांचा थोडा कट, आणि बाकीचे कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला. म्हणजे दहा डॉलरचा अल्बम घेतला तर दीड डॉलर वेबसाईटचा. मी सातशे आठशे रुपये दिले तर त्यातले बहुतेक ज्याने ते केलं त्याच्याकडे गेले हे मला माहीत असतं, आणि मग मी तो अल्बम असाच उडत उडत ऐकत नाही, बसून ऐकतो.

पेमेंटचा मात्र आपल्याकडे घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवतो. रिझर्व्ह बँकेचा २०२० पासून नियम आहे की नवीन कार्डावर परदेशातले ऑनलाईन व्यवहार आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. मी तीन वेळा प्रयत्न केला, तीन वेळा नापास, मग तालुक्याला आमच्या बँकेत गेलो, काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन बघून सांगितलं की ही फसवणुकीची साईट असेल, भरू नका. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर. शेवटी मावसभावाने फोनवरून सांगितलं की बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे इंटरनॅशनल म्हणून एक बटण आहे ते चालू कर आणि मर्यादा दोन हजाराची ठेव. दोन मिनिटांचं काम. खरेदी झाली की मी ते परत बंद करतो, तुम्हीपण करा. आणि किंमती डॉलर नाहीतर पौंडात असतात, बँक त्यावर आपलं मार्कअप लावते, त्यामुळे डॉलरचा त्या दिवशीचा भाव धरून सहाशेचा हिशेब केला तर वीसतीस रुपये वर जातात.

आता खरी गोष्ट, शोधायचं कसं. प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे फोटो असतात, काही जण खाली दोन ओळी लिहितात, कुठलं गाणं जास्त आवडलं ते सांगतात. त्या फोटोवर टिचकी मारली की त्या माणसाने आजपर्यंत काय काय विकत घेतलंय तो सगळा संग्रह उघडतो. मला हे इतकं आवडलं की सांगता येत नाही. लहानपणी आमच्या वाडीत एक काका होते, त्यांच्याकडे कॅसेटचं कपाट होतं, सुट्टीत आम्ही जायचो आणि ते एकेक काढून लावायचे, ही ऐक, आता ही ऐक. हे तसंच आहे, फक्त काका कुठल्यातरी थंड देशातला आहे आणि त्याला माहीतही नाही की मी त्याच्या कपाटासमोर बसलोय. ज्याचे चार अल्बम आपल्याला आवडले त्याचा पाचवा सहसा फुकट जात नाही. शिवाय अल्बमच्या खाली टॅग असतात, अँबियंट, मिनिमल, सिंथपॉप, गावाचं नाव, त्यावरून पण जाता येतं, आणि बँडकॅम्प डेली म्हणून त्यांचंच एक वाचायचं पान आहे, त्यात माणसांनी लिहिलेले लेख असतात.

यंग मार्बल जायंट्स वेल्सचे म्हणून मी वेल्सचा माग काढत गेलो आणि केली ली ओवेन्स सापडली. ती पण वेल्सचीच, गाण्यात पूर्णवेळ यायच्या आधी मँचेस्टरला कॅन्सरच्या हॉस्पिटलात नर्सिंगचं मदतीचं काम करायची. तिचा इनर साँग हा २०२० चा अल्बम मी पैसे भरून घेतलेला पहिला अल्बम. चार मात्रांचा जाड ठेका, आपल्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा त्यावर बरोब्बर बसतात, मी मांडीवर वाजवून बघितलंय, वर सिंथचे, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझर या कीबोर्डचे सूर एकमेकांत विरघळत जातात आणि तिचा आवाज लांबून आल्यासारखा. त्यात एका गाण्यात एक म्हातारा माणूस पावसाबद्दल बोलतो, अर्धं बोलणं अर्धं गाणं, काही शब्द इंग्लिश काही वेल्श. तो जॉन केल. १९४२ चा जन्म, कोळशाच्या खाणींच्या गावातला, सात वर्षांचा होईपर्यंत घरात आईची वेल्शच, इंग्लिश तो शाळेत गेल्यावर शिकला. आम्ही घरात मालवणी बोलून शाळेत पुस्तकातली मराठी शिकलो तसंच की.

मग जॉन केल कोण म्हणून बघायला गेलो आणि तिथून जे उलगडत गेलं त्याने मी दोन रात्री झोपलो नाही. हा माणूस १९६३ साली न्यूयॉर्कला गेला आणि ला माँट यंग नावाच्या संगीतकाराच्या मंडळीत व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा भाऊ, वाजवायला लागला. ते काय करायचे, तर एकच सूर धरायचा आणि तासन् तास तो सोडायचा नाही, बाकीच्यांनी त्यातच सूर मिळवायचे. मिनिमल म्हणतात त्या संगीताचं एक मूळ हे. पुढे केल व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये गेला आणि तो धरलेला सूर त्याने पॉप गाण्यात नेला. आणि ला माँट यंग? तो १९७० मध्ये पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, १९१८ चा लाहोरचा जन्म, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले, मग अमेरिकेला गेले आणि १९९६ ला तिकडेच वारले. मिनिमल संगीतातलं दुसरं मोठं नाव टेरी रायली, तो पण प्राणनाथांचाच शिष्य.

किराणा घराणं आपल्याला परकं नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेनजी, ज्यांचे अभंग आमचे बुवा गातात आणि मी मागे झांज वाजवतो. एकेक सूर लावून, त्याला वेळ देऊन, मगच पुढच्या सुराकडे जायचं ही त्या घराण्याची चाल. मला पडवीत ऐकलेलं गाणं परकं का वाटलं नाही याचं उत्तर मला या साखळीत मिळालं असं माझं मत आहे, कोणी जाणकार हसले तरी हरकत नाही. आणखी एक, द हू या इंग्लिश बँडचं १९७१ चं बाबा ओ'रायली हे एक प्रसिद्ध गाणं आहे, सुरुवातीला कीबोर्डचा एकच तुकडा गोल गोल फिरत राहतो, त्या गाण्याच्या नावातला रायली म्हणजे हाच टेरी रायली आणि बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा.

आपल्याकडची इलेक्ट्रॉनिक गाणी पण या नादात कळली. मुंबईचे चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक, यांनी १९८२ साली दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. रोलँड कंपनीची तीन यंत्रं वापरली, त्यात ठेक्याचं आठशेआठ आणि बासचं तीनशेतीन. ही दोन्ही यंत्रं बाजारात फारशी चालली नाहीत, आठशेआठ १९८० ते ८३ एवढंच बनलं, बाराएक हजार नग, मग ती सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली आणि अमेरिकेतल्या पोरांच्या हातात पडली, शिकागोत १९८७ च्या सुमाराला तीनशेतीनमधून जो वळवळता आवाज काढला त्याला अ‍ॅसिड हाऊस म्हणून जगभर नाव झालं. चरणजीत सिंगांच्या रेकॉर्डवर तसाच आवाज पाच वर्षं आधी आहे, भैरव रागात. तेव्हा कोणी विकत घेतली नाही, २०१० ला ती परत निघाली तेव्हा लोक हादरले, आणि २०१५ ला ते गेले. त्याच्याही आधी, १९६९ ला, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत मूग सिंथेसायझर आला होता आणि गीता साराभाई वगैरे मंडळी त्यावर प्रयोग करत होती, त्या टेपा कपाटात पडून होत्या त्या २०२३ ला रेकॉर्ड होऊन आल्या. आत्ताच्यांमध्ये मुंबईची सनाया अर्देशिर, सँड्यून्स या नावाने करते, तिचं बँडकॅम्पवर मिळतं, आवर्जून ऐका. पियानोचा एक छोटा तुकडा घेऊन ती त्याच्याभोवती हळूहळू बांधत जाते.

ऐकायचं कशावर हे पण महत्त्वाचं आहे. फोनच्या स्पीकरवर ही गाणी लावू नका, खालचा बास येतच नाही आणि मग नुसती टकटक उरते, माझ्या आईने ती पहिल्यांदा तशीच ऐकली आणि आतून ओरडली, ह्यां काय लावलंस रे झिला, कॅसेट अडाकली काय? वायरवाला साधा हेडफोन घ्या, हजार बाराशेचा चालतो, नवीन फोनला भोक नसतं तर टाईप सीचा छोटा जोड मिळतो. आपल्या खाऱ्या हवेत त्याची एक भानगड आहे, जॅकच्या पितळेवर सहा महिन्यांत हिरवट थर चढतो आणि एका कानात खरखर सुरू होते. मी दोन हेडफोन खराब झाले म्हणून टाकून दिले, मग कळलं की जुन्या सुती कपड्याला थोडं स्पिरिट लावून जॅक फिरवून पुसला आणि नीट वाळू दिला की आवाज परत लखलखीत. आता डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून त्यात हेडफोन ठेवतो. ज्या गाण्यात मधे मधे काहीच वाजत नाही त्यात एवढीशी खरखर पण वाळूच्या खड्यासारखी लागते.

एप्रिलमध्ये राखणीला मी मांगरात झोपतो. रात्री दहानंतर वारा पडतो, लांबून समुद्राची गाज ऐकू येते, कलमांत कुठेतरी सुकं पान पडलं तरी कळतं, आणि अशा वेळी एका कानाला हेडफोन आणि दुसरा कान बागेकडे असं मी ऐकतो. मोठी भरगच्च गाणी तिथे लावताच येत नाहीत, बागेतलं काही ऐकू येत नाही. ही गाणी मात्र जागा सोडतात. बासचा एक ठोका, मग गाजेची एक लाट, मग ठोका. कधी कधी कुठलं फोनमधलं आणि कुठलं बाहेरचं ते मला खरंच कळत नाही आणि मी उठून बॅटरी मारून बघतो.

आणि पावसाळ्यात हिरोशी योशिमुरा. जपानी माणूस, १९८२ चा म्युझिक फॉर नाईन पोस्ट कार्ड्स हा अल्बम, घरी बसून कीबोर्डवर केलेला, खिडकीबाहेर बघत बघत सुचलेले छोटे छोटे तुकडे. त्याने तो टोकियोतल्या एका कलासंग्रहालयात लावावा म्हणून दिला होता, तिथे येणारे लोक विचारायला लागले की हे काय वाजतंय, तेव्हा तो रेकॉर्ड म्हणून निघाला. त्यात एका तुकड्याच्या नावाचा अर्थच बाहेर पाऊस असा आहे. जुलैत लाईट गेलेली, कौलांवर धारा, खळ्यात पाणी साठलेलं, आई पडवीत सुपात भात घेऊन बसलेली, आणि मी तो छोट्या बॅटरीच्या स्पीकरवर लावला. तीनचार सूर वर जातात, थांबतात, परत तेच सूर थोडे वेगळे. आई काही बोलली नाही. अल्बम संपला तेव्हा नुसता पाऊस राहिला, आणि थोड्या वेळाने ती म्हणाली, बंद कित्याक केलंस? मी बंद केलं नव्हतं.

तोटे पण सांगतो. मराठी हिंदी सिनेमाची गाणी शोधायला इथे येऊ नका, मोठ्या कंपन्यांची मिळत नाहीत. मराठीत स्वतःचं काही इलेक्ट्रॉनिक करणारे पण मला हातावर मोजण्याएवढेच सापडले, हा वेबसाईटचा दोष नाही पण वाईट वाटतं, आपल्या दशावताराच्या पेटीवर आणि झांजेवर कोणीतरी असं काही करावं. रेकॉर्ड किंवा कॅसेट मागवायचा विचार असेल तर पोस्टेज बघून मगच बटण दाबा, बऱ्याचदा वस्तूपेक्षा येण्याचा खर्च जास्त होतो आणि वर कस्टम. आणि कंपनीची मालकी गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली, २०२२ ला एपिक गेम्सने घेतली, २०२३ ला साँगट्रेडरला विकली आणि त्या वेळी जवळपास निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यात लेख लिहिणारे, कलाकारांना मदत करणारे लोक होते. पुढे काय होईल याची काळजी मला वाटते, म्हणूनच मी घेतलेला प्रत्येक अल्बम त्याच दिवशी उतरवून दोन ठिकाणी ठेवतो, एक कार्डवर आणि एक मावसभावाकडच्या डिस्कवर.

शेवटचं, पैसे भरणार असाल तर बँडकॅम्प फ्रायडेला भरा. कोविडमध्ये २० मार्च २०२० ला त्यांनी हे सुरू केलं, वर्षातले काही ठरलेले शुक्रवार असतात, त्या दिवशी वेबसाईट आपला हिस्सा सोडून देते. पण तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने असतो, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी साडेबाराला संपतो, तिकडच्या थंडीत दीड ते दीड. मी त्या दिवशी सकाळची कामं आटपून जामसंड्याला जातो, स्टँडच्या मागे रेंज चांगली मिळते, कट्ट्यावर बसून कार्डाचं ते बटण चालू करतो, महिनाभर ऐकून ठरवलेले दोन अल्बम घेतो, कधी एकच, आणि चहा होईपर्यंत ते उतरतात. मागच्या वेळी एक अल्बम उतरायला वेळ लागला, तेवढ्यात मिठबावची एसटी लागली, कंडक्टर ओळखीचे, त्यांना म्हटलं काका दोन मिनिटं, अजून तेरा टक्के राहिलेत. थांबले ते.